तुझ्या प्रेसवर आमचा ओमकार

प्रिय बालाजी,

चिरंजीव म्हणून सुरुवात करणार होते, पण तू ती सोय ठेवली नाहीस. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, नात पूजा लिहितेय.

आजच का? काल जेवताना माझा नातू ओमकार म्हणाला, "आजी, ती पत्रा दाबणारी प्रेस कधी कधी बटण न दाबताच खाली येते." घास माझ्या हातातच राहिला. हेच तू आमच्याकडं भाड्यानं राहताना ओट्यावर बसून म्हणाला होतास ना? आणि वर हसला होतास!

व्हय, ओमकार तुझ्याच जागेवर लागलाय. आयटीआय करून चाकणच्या किती फाटकांवर उभा राहिला! पत्ता इथल्या गावचा दिसला की म्हणायचे, लोकल नको. लोकल पोरं उलट बोलतात, गाव गोळा करतात म्हणे. जमिनी आमच्या चालल्या, पोरं चालेनात. शेवटी त्यानं लातूरकडच्या मामाचा पत्ता आधारवर चढवला. लातूरची बोली तर तुझ्याकडूनच उचललेली. आरशासमोर उभा राहून "काय करू लालाव?" म्हणजे काय करताय, असं घोकायचा. मी हसून बेजार. परगावचा व्हायला निघालेला गाववाला कधी पाहिला होता का?

मग त्यानं बजावलं, रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवू नको. तेव्हापासून हसू आटलं.

तुझ्यावर राग आहे माझा. गच्चीवरून बायकोशी फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायचास की अख्ख्या आळीला तुझ्या घरची भाजी कळायची. कंत्राटदारापुढं तो आवाज कुठं गेला होता? काम नको असेल तर फाटकाशी दुसरे उभे आहेत, असं तो म्हणाला आणि तू परत त्याच प्रेसवर गेलास. काय करणार म्हणा. गावाकडं खाणारी तोंडं.

प्रेसखाली सापडून तू गेलास, त्या दुपारी कंत्राटदाराचा माणूस खोलीवर आला. इथं नातेवाईक कोण, विचारलं. कुणी न्हाई, मी घरमालकीण, म्हटलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला, बालाजी. तो चेहरा अजून दिसतो.

ओमकारला काही झालं तर तो माणूस लातूरला फोन लावील. इथं हाकेच्या अंतरावर आजी भाकऱ्या थापत असेल, आणि तिला कुणी विचारायचं न्हाई.

सकाळी त्याला म्हटलं, सोड ते काम. म्हणाला, "सवय होईल." तूही हेच म्हणायचास.

म्हणून तुला शब्द देते. आज दुसऱ्या पाळीला तो आत शिरायच्या आधी मी फाटकाशी उभी राहीन आणि सगळ्यांदेखत हाक मारीन, ओम्या, घरी चल. नोकरी जाईल. वर्षभर माझ्याशी बोलणार न्हाई. चालेल. अबोला धरायला तरी घरात असेल.

पूजाचं पेन थांबलंय. म्हणते, दादा आज ओव्हरटाइमला लवकरच गेला. हे आत्ता सांगतेस होय गं?

उठते मी.

तुझी घरमालकीण,
सरूआजी