बागबाजारचा बर्गी

बागबाजार, कलकत्ता
८ फेब्रुवारी १९७२

तीर्थरूप बाबांस,
जयप्रकाशचा दूरदेशाहून साष्टांग नमस्कार.

प्रकृती चांगली आहे. गडबडीच्या बातम्या वाचून आईने काळजी करू नये. आमची गल्ली शांत आहे आणि अंधार पडायच्या आत मी घरी येतो.

ऑफिसचं काय लिहू? परवा मीच पुढे पाठवलेली फाइल फिरून माझ्याच टेबलावर आली. मी पुन्हा सही केली. बदलीच्या अर्जाला अजून उत्तर नाही.

पहाटे मात्र मी वेगळाच माणूस असतो. इथल्या व्यायामशाळेत गल्लीतल्या मुलांना तुम्ही शिकवलेला मल्लखांब शिकवतो. खांब सालवृक्षाच्या लाकडाचा आहे, आपल्या सागासारखा गुळगुळीत होत नाही. एरंडेल जास्त चोळू का? तुमचा गुडघा कसा आहे, तेही खरंखरं कळवा.

इथे जवळच पूर्वी मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक होता. मी मुद्दाम शोधायला गेलो, तर तो कधीच बुजवलेला. पण "झोप, नाहीतर बर्गी येतील" असं आज्या नातवंडांना अजून सांगतात. बर्गी म्हणजे मराठे स्वार, थोडक्यात आपणच.

काल खालच्या घरमालकीणबाई नातवाला हेच सांगत होत्या. पोरगं काय म्हणतंय ते ऐकायला मी जिन्यातच थांबलो.

तो म्हणाला, "ते तर वरच राहतात. पहाटे तेच मला उठवतात." आणि कूस बदलून झोपला.

तुमचा आज्ञाधारक बर्गी,
जयप्रकाश