पोहणारं समुद्रफूल

सोमवार, ४ ऑगस्ट

मत्स्यालयात साहेबांनी बोलावलं. "समुद्रकाठी नवं मत्स्यालय निघतंय. तुम्ही सांभाळा. शुक्रवारपर्यंत कळवा." इथून दिवसभराचा प्रवास.

घरी सांगितलं. भावाने जेवता जेवताच निकाल दिला — "ताई गेली तर आईचं कोण बघणार?" आई अंथरुणाला खिळलेली, हे खरंच. पण मला विचारलं कोणी? मी या घराची भिंत. भिंतीला कोण विचारतं!

मंगळवार, ५ ऑगस्ट

टाक्या घासल्या. आईचे पाय चेपले. जीव गुदमरतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

तारामाशाची टाकी गळायला लागली म्हणून त्याला समुद्रफुलाच्या टाकीत सोडलं. माझाच गाढवपणा! समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण असतो प्राणी. आमचं हे दगडाला चिकटलं ते चिकटलंच, कधी तसूभर हललं नाही. तारामासा अंगाला लागला मात्र — पठ्ठ्याने दगडच सोडला! ओला टॉवेल पिळावा तसं अंग वाकवत चक्क पोहत पलीकडे गेलं. साहेब म्हणाले, "यांच्यातली काही पोहतात. पण वैरी अंगाला भिडल्याशिवाय नाही."

संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि कुणी डिवचलंच नाही तर?"

"तर बसतं तिथेच," मी म्हटलं. आणि मला उगाचच रडू आलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

भरवायला बसले तर आईने ताट ढकललं. "तुझ्या हातचं नको. सुनेला पाठव. उशाशी बसून बसून मला पार निकामी केलंस तू." सगळ्यांसमोर! भावजय दारात खाली मान घालून उभी. इतकी वर्षं उस्तवार केली, त्याचं हे फळ.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

साहेबांना हो म्हणून टाकलं. आता बघू दे सुनेला.

रविवार, १७ ऑगस्ट

नवी खोली. खारा वारा. निघताना आईच्या पाया पडले नाही. राग उतरत नाही, आणि इथे राग काढायलाही कुणी नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

भावजयीचा फोन. "ताई, राहवत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी आईंनी मला आधीच बजावलं होतं — आज मी तिला लागेल असं बोलणार आहे, तू मध्ये पडू नकोस. तुम्ही गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडल्यात."

म्हटलं, फोन आईच्या कानाला लाव.