गोत्र नसलेल्यांना पाणी

गुरुवार, २७ ऑगस्ट २००९

श्रीगजाननाच्या कृपेने प्रवास सुखाचा झाला. विमानतळावर चिरंजीव सुजीत, सूनबाई मृणालिनी आणि नात शुभ्रा, तिघेही घ्यायला आले होते. शुभ्राने वाकून नमस्कार केला आणि उठता उठताच, आजोबा, यू लुक सो थिन, असा शेरा मारला. मी म्हटले, बाळ, कुरुंदवाडच्या घाटाच्या पायऱ्या रोज चढून पाहा, तूही अशीच होशील. सारे हसलो.

दुबई शहरातले अल मनखूलचे बिऱ्हाड त्यांनी जूनमध्येच सोडले. गेल्या वर्षी बाजार कोसळला, सुजीतच्या कंपनीची बांधकामे जागच्या जागी थांबली, सहकारी एकेक करून मायदेशी परतले. याला मात्र एका अर्धवट प्रकल्पाची राखण करायला ठेवून घेतले आहे. राहायचेही तेथेच. फोनवर त्याने त्या जागेचे वर्णन केले तेव्हा मी ती थट्टा समजलो होतो. आज शहर मागे पडले, वाळू सुरू झाली, आणि एका टेकाडाआडून खरोखरच एक फ्रेंच खेडे समोर आले: लहानसा किल्ला, चर्च, अरुंद गल्ली आणि दुतर्फा दगडी घरे. फ्रान्समधल्या कोणत्याशा ओस गावातून हे सारे विकत घेऊन, दगडादगडावर तांबड्या रंगाने क्रमांक घालून, जहाजाने आणून येथे पुन्हा रचले आहे. श्रीमंतांनी येथे विसाव्याला यावे असा बेत होता. आता आमचे चौघांचे कुटुंब आणि पहारेकरी नूरुद्दीन, एवढीच वस्ती.

नूरुद्दीन श्रीवर्धनकडचा, बोलण्यात मोकळा. फाटकाशी त्याने विचारले, काय गुरुजी, फ्रान्सला यायला व्हिसा तर मागितला नाही ना कोणी? रमजान चालू असूनही त्याने माझी ट्रंक स्वतः उचलली.

घर थंड आहे, देवघरापुरता पूर्वेचा कोपरा मिळाला आहे, वाचनाला निवांतपणा आहे. याहून अधिक मी काय मागावे?

रविवार, ३० ऑगस्ट

आज सकाळी शुभ्राला सोबत घेऊन गाव पाहिले. किल्ल्याच्या गोल बुरुजातला चक्राकार जिना चढत गेलो तो थेट आकाशात निघाला. वरचे छप्पर आलेच नाही म्हणे. खालच्या दालनातली चूल एवढी मोठी की तीत मनुष्य उभा राहील. घरांचे उंबरठे मध्यभागी खोलगट झिजलेले आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांची ती झीज कंपनीने विकत आणली. ज्यांची ती पावले, ते तिकडेच राहिले.

चर्चमध्ये शिरताच मन खिन्न झाले. दाराला फळ्या नाहीत. देवपीठ पूर्वेला असावयाचे, ते पश्चिमेला आहे. सुजीतला विचारले तर म्हणाला की मोटारी उभ्या करायला त्या बाजूला जागा हवी होती, म्हणून आराखडाच फिरवला. भुईवर लांबरुंद शिळा आहेत आणि त्यांवर अक्षरे कोरलेली. त्या समाधिशिळा आहेत हे मी ताडले. शुभ्रा एकीवरून दुसरीवर उड्या मारीत होती, तिला रागावलो. सुजीतने सांगितले की अस्थी आणायला तिकडचा कायदा आड आला, तेव्हा शिळा तेवढ्या आल्या. वाहून आणलेली थडगी, आणि आत कोणी नाही. असे काही मी कोठे वाचलेले नाही.

शनिवार, ५ सप्टेंबर

आज महालयारंभ. या भूमीत नदी नाही, म्हणून आदल्या दिवशी चर्चच्या दाराशी एक दगडी कुंड पाहून ठेवले होते. मध्याह्नी तेथे दक्षिणेस मुख करून बसलो. पित्यापासून आरंभ करून सर्व पितरांना आणि शेवटी सौभाग्यवती गेलेल्या माझ्या पत्नीला, सुहासिनीला, तिलोदक दिले. मन निवले.

उठणार तो दृष्टी त्या शिळांवर गेली. वंश खुंटलेला, भूमी सुटलेली, नाव घेणारे कोणी नाही. ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही अशांनाही तर्पण करावे हे शास्त्रसंमत आहे. शुभ्रा जवळच होती. तिच्याकडून शिळांवरची नावे वाचून घेतली. ती एकेक नाव मोठ्याने वाची, आन, गियोम, पिएर, आणि मी ते उच्चारून ओंजळीतून पाणी सोडी. गोत्र अज्ञात असेल तर काश्यप म्हणावे असा नियम आहे. आमचेही तेच गोत्र असल्याने उच्चार जिभेवर तयारच होता.

मृणालिनीला हे रुचले नाही. तिचे म्हणणे असे की बाबा, आपल्या पितरांचे तुम्ही काय ते करा. ह्या गोऱ्या लोकांना पाणी द्यायला तुम्ही त्यांचे कोण? आणि पोरीला उन्हात का बसवलेत? मी तिला उदारतेचे महत्त्व सांगितले. ती शुभ्राला हाताला धरून घरात घेऊन गेली.

एक नोंद: त्यांच्यासाठी सोडलेले पाणी शिळेवर पडलेले दिसले नाही. ऊन फार आहे.

मंगळवार, ८ सप्टेंबर

तर्पण नित्य चालू आहे. शुभ्रा नावे वाचते. आता तिला शिळेकडे पाहावेही लागत नाही.

येथे कावळा नाही, तेव्हा घास चर्चच्या पायरीवर ठेवून येतो. आज पाहिले तर भात तसाच होता, परंतु एकेक शीत कोरडे ठणठणीत, तांदूळ कधी शिजलाच नव्हता असे. खीर होती तेथे पांढरी भुकटी. हे उन्हाने होत नाही.

मध्याह्नी चर्चमध्ये गर्दीचा भास होतो. आवाज नाही, केवळ जागा कमी पडते. आज एकाएकी माझा खांदा बाजूला सारला गेला. सौम्यपणे नव्हे.

शुभ्रा फार पाणी पिऊ लागली आहे. आय ॲम स्टिल थर्स्टी, एवढेच म्हणते.

गुरुवार, १० सप्टेंबर

टाकीत पाणी नाही. कालच टँकर ती भरून गेला होता. सुजीतने नळ, सांधे, सारे तपासले. कोठे ओल नाही. नूरुद्दीन हसत म्हणाला, रोजा आमचा, गुरुजी, आणि पाणी तुम्ही संपवता! मग दुपारी तो चर्चकडे फेरी मारायला गेला आणि धावत परत आला. काय पाहिले ते सांगेना. सुजीतला एवढेच म्हणाला की तिथे रांग लागलीय, शेठ, आणि सगळ्यांची तोंडे तुमच्या घराकडे. संध्याकाळी शहरात, देरा भागातल्या आपल्या खोलीवर निघून गेला. जाताना त्याने मला खालच्या आवाजात विनविले की पोरीला इथून हलवा, तुमच्या पाया पडतो.

सुजीत मला म्हणाला, खलास, बाबा, हे तर्पणबिर्पण आजपासून बंद. असा स्वर त्याने माझ्याशी कधी लावला नव्हता. मी मान डोलावली.

शनिवार, १२ सप्टेंबर

बंद केले. बंद करणे ही चूक की आरंभ करणे ही, आता सांगता येत नाही.

मध्याह्नी दाराबाहेर पाहिले. भर उन्हात ते गल्लीत उभे होते. सावली कोणाची नाही. जबडे छातीपर्यंत उतरलेले, तोंडाच्या आत जीभ नाही, वाळू. मी पाणी दिले याची कृतज्ञता त्या नजरेत नव्हती. याचकाची लीनताही नव्हती. वडिलोपार्जित घरात हिस्सा मागायला आलेल्या भाऊबंदांची ती नजर होती. मी गायत्री म्हणू लागलो. घसा कोरडा पडून मंत्र तुटला.

त्यांतली एक वृद्धा पुढे आली आणि तिने शुभ्राच्या खिडकीवर ओठ टेकवले. काच तडकली.

सोमवार, १४ सप्टेंबर

काल शुभ्राला दुबईच्या इस्पितळात नेले. ओठ फुटले आहेत, त्वचा कागदासारखी. सलाईनची बाटली भराभर रिकामी होते आणि मुलीच्या अंगी थेंब लागत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा सुई तपासतात. तिला दिलेले पाणी तिच्या मुखातून त्यांच्याकडे जाते. नावे तिच्या आवाजात घेतली गेली. तिच्यापासून त्यांनी आरंभ केला आहे. मग सुजीत.

गाव सोडून उपयोग झाला नाही. ते जागेला बांधलेले नाहीत. आम्हाला बांधलेले आहेत. मीच बांधले. जे निर्गोत्र होते त्यांना मी आमच्या कुळाच्या पंक्तीत बसविले, आणि कुळातल्या मृतांचा अधिकार वंशजावर चालतो. मृणालिनीने विचारले होते, तुम्ही त्यांचे कोण?

त्या दिवशी कोणी नव्हतो.

मंगळवार, १५ सप्टेंबर

उपाय एकच दिसतो. पतिताला कुळाबाहेर घालण्याचा जुना विधी आहे. तो जिवंत असतानाच मृत समजायचा, त्याच्या नावे पाण्याने भरलेला घट दक्षिणेकडे पायाने लवंडायचा, आणि त्यानंतर कोणी त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्या हातचे घ्यायचे नाही, त्याला पाणी द्यायचे नाही. त्यांना कुळाशी जोडणारा दुवा मी आहे. मला तोडले की ते माझ्यासह तुटतील.

सुजीत ऐकेना. रडला. तुम्हाला वेड लागले आहे म्हणाला. मृणालिनीने मात्र विचारले की घागर कुठली चालेल.

बुधवार, १६ सप्टेंबर

सायंकाळी मनखूलला, सुजीतच्या मित्राच्या घराच्या गच्चीवर, विधी झाला. सुजीतने माझे नाव घेतले. लाथ सूनबाईने मारली. तिचा पाय थरथरला नाही. तिचे कल्याण असो. घागर लवंडली आणि पाणी वाहिले, पाण्यासारखे वाहिले, कोणी प्यायले नाही.

मी कोणाशी न बोलता टॅक्सीने येथे, या दगडी गावात, परत आलो. माझा मृत्यू येथेच त्यांच्यात व्हावा. अमावास्या शुक्रवारी.

गुरुवार, १७ सप्टेंबर

नूरुद्दीनचा फोन. तो कुळातला नाही, तेव्हा बोललो. म्हणाला, पोरीने ग्लासभर पाणी प्यायले आणि दुसरा नको म्हणाली! खिचडीही खाल्ली. उद्या तुम्हाला डबा आणतो, इन्शाल्ला. मी येऊ नको म्हटले.

देवा, तुझे उपकार.

आता ते सारे माझ्याकडे आहेत. चर्चमध्ये खांबाला टेकून बसलो आहे. पाण्याची बाटली तोंडाला लावतो, घोट घशात उतरत नाही, त्यांच्या गळ्यांत उतरतो. ऐकू येते. ठीक आहे. एकटा मी पुरे—

शुक्रवार, १८ सप्टेंबर. सर्वपित्री

मध्याह्न. पाय उचलत नाहीत. जीभ टाळूला चिकटली, हाक निघत नाही. हात तेवढा चालतो.

ते भोवती उभे. वृद्धा अगदी जवळ. नखाने माझ्या ओठांची साल काढते, चघळते. असू दे. रात्रीपर्यंत टिकायचे. मग तिथी संपेल आणि—

ते वळले. सगळे एकदम. माझ्याकडे कोणी पाहत नाही. दाराकडे पाहतात.

तोंडे मिटली. पहिल्यानेच. हसत आहेत.

धूळ दिसते. मोटार. सुजीतची मोटार. आज शुक्रवार, त्याला सुट्टी— नको. नको, बाळा. तुम्ही तोडले ना मला? बापाची दया आली— तीच माझीही चूक—

मोटारीचे दार उघडले. शुभ्रा. धावते आहे. हातात पाण्याची बाटली. आजोबा, आय गॉट यू वॉटर, म्हणते. तिच्या हातचा थेंब माझ्या ओठांना लागला की पुन्हा सगळे जोडले— ती, तिचा बाप, सगळे—

ओरडता येत नाही. मान हलत नाही. ते बाजूला होऊन तिला वाट देत आहेत.

हे लिहिलेले दाखवून काय होणार, मराठी अक्षरे तिला वाचता येत नाहीत. इंग्रजी येतात. पुढचे पान फाडून मोठ्या अक्षरांत— दोनच शब्द—