खिडकी असलेली खोली

बाबा, मालवणात मला घर मिळालं! भाड्याचं, दोनच खोल्यांचं, पण मला हवं तसं. सकाळपासून हे कुणाला सांगू असं झालंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता इथल्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. वैभववाडीहून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून दवाखान्यातल्याच एका नर्सबरोबर दोघींसाठी जागा शोधायला लागले. आम्ही दोघी स्कूटरवरून गल्ल्यागल्ल्यांत फिरलो. ती घरात शिरली की आधी मोबाइल वर धरून रेंज बघायची, मग नळ सोडून पाणी. मी सरळ खिडकीकडे जायचे. एका घरमालकांनी बजावलं, "आठच्या आत घरात, आणि मासे शिजवायचे नाहीत." मासे नाहीत, मालवणात! बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. किनाऱ्यालगतची एक खोली तर अशी देखणी की मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. मालक म्हणाला, "दिवाळीक खाली करूक लागतली. सीझनात पर्यटकांक देतंव." सुट्टीवर आलेल्यांना समुद्र, आणि इथे राहून काम करणाऱ्यांनी सामान घेऊन फिरायचं! त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

तेव्हा तुमची खोली आठवली. तुम्ही इथल्या खानावळीत आचारी होतात आणि तिच्याच मागे राहायचात. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला तुमच्याकडे धाडायची. खिडकी नाही, भिंतीपलीकडे चुली, अंगावरच्या चादरीलासुद्धा तळणाचा वास. एका दुपारी उकाडा सोसेना म्हणून मी खानावळीच्या पुढच्या पायरीवर जाऊन बसते. तुम्ही हातातला झारा तसाच घेऊन धावत येता. "आत ये गो! ह्या घर आपला न्हय, मालक बघतलो." मी रडत आत येते. संध्याकाळी तुम्ही माझ्यापुढे सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी ठेवता. मी ती खाल्ली, पण त्या मालकाला काही माफ केलं नाही.

आजचं घर बाजारामागच्या आळीत आहे. मालकीणबाई एकट्याच, खालच्या ओट्यावर कोकमं सुकत घालत होत्या. आम्ही उभ्याच राहिलो तर म्हणाल्या, "बसा गो. हयसर वारो बरो लागता." आणि मी बसले, बाबा, ऐसपैस, पाय पसरून! वर स्वयंपाकघराला भली मोठी खिडकी आहे, खाली माड आणि शेजारणींच्या गप्पा. रात्रपाळी करून नर्स पहाटे आली तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. रेंज फक्त खिडकीशीच येते. नर्स म्हणाली, "चालेल, तिथंच उभी राहून बोलेन." उद्या सामान हलवतोय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडायचं, म्हणून वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. निघताना बाईंनी विचारलं, "तुझ्याकडे कोण कोण येतला?" मी म्हटलं, "आई येईल. बाबा येतील." कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं. नर्स माझ्याकडे बघतच राहिली. बाई म्हणाल्या, "तुझो बापूस येतलो तेव्हा आदी सांग गो. ताजे बांगडे घेवन ठेवतंय." मी "हो" म्हटलं.

खरं काय ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. इतक्यात सांगावंसंही वाटत नाही.