नथ उजवीकडे

३ डिसेंबर
डोकं फिरलंय. नात सई संग्रहालयातून कॅलेंडर घेऊन आली. "आजोबा, तुमची आवडती बाई." तिथल्या जुन्या चित्रातली बाई माझीच, पण छापलीय उलटी. नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. निगेटिव्ह पालथी लागली की असं होतं. संग्रहालयात फोन लावला. तिथली मुलगी म्हणते, "काका, गुजराती पदर असेल." घाटकोपरात जन्म गेला माझा, मला गुजराती पदर शिकवते. नऊवारीवर? आणि नथ?

५ डिसेंबर
स्वतः गेलो भांडायला. तरुणपणी याच बाईपुढे तासन् तास उभा राहून उजेड शिकलो, दुसरा गुरू कुठला. एक गाल उजेडात, दुसरा सावलीत, तरी सावलीतली कुडी दिसते.
नथ उजवीकडेच. मूळ चित्रातच.
म्हणजे या चित्राचा मी काढलेला, माझ्या फोटो स्टुडिओत लावलेला फोटो उलटा. आता आठवलं. डार्करूममध्ये नथ चुकीची वाटली, म्हणून मीच निगेटिव्ह पालटून छापली. शहाणा. चोर मी आणि फाशी कॅलेंडरवाल्याला.

७ डिसेंबर
हिला सांगितलं. ही मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यात काय? आरशात बघून नथ घालते तेव्हा मी अश्शीच दिसते."
कप खाली ठेवला. चित्राखालच्या पाटीवर लिहिलंय, 'गृहिणी. चित्रकार अज्ञात.' अज्ञात कसली, चित्रात समोरच बसलीय की. आरसा ठेवून स्वतःलाच काढलंय तिने. नाकावर पुरावा ठेवून गेली, आणि मी तोच पुसून चाळीस वर्षं भिंतीवर टांगला.

१२ डिसेंबर
संग्रहालयात अर्ज घेऊन गेलो. पाटी बदला.
साहेब : "पुरावा काय, काका?"
"नथ."
हसला. "नथीवरून पाट्या बदलत नाहीत."
म्हटलं, आयुष्यभर आपल्याकडच्या नवरी मुलींचे फोटो काढलेत, एकीची नथ उजवीकडे दाखवा. तो मोबाइल बघत होता. अर्ज टेबलावर आपटून आलो. घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली.

१४ डिसेंबर
पुरावा हवा ना, घे. हिला नऊवारी नेसवली, नथ घालून आरशासमोर बसवलं, आरशातला चेहरा टिपला. हुबेहूब तीच बाई. प्रिंट काढला, मागे मारायला स्टुडिओचा शिक्का शाईला लावला.
ही म्हणाली, "कुणाचं नाव?"
"फोटो कोणी काढला?"
"आणि वारलेल्यांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग कोण भरायचं? ब्रश माझा, शिक्का तुमचा. साहेबाशी भांडता ते बरंच आहे. पण तुमच्या त्या वहीत तरी माझं नाव आहे का?"
चिडलो. म्हटलं, आहे, दाखवतो.
मघापासून वही चाळतोय. ही म्हणाली. ही हसली. ही माहेरी गेली.
शिक्क्यावरची शाई वाळत चाललीय. मारला नाही अजून.