मुक्या-बहिऱ्यांची यादी

अणदूर, पौष, फसली १३५३ (इ.स. १९४४)

परगावचा डॉक्टर आज शाळेत आला. लोखंडी चिमट्यानं पोरांची डोकी मोजली आणि मला म्हणाला, "मास्तर, गावातल्या जन्माच्या मुक्या-बहिऱ्यांची नावं द्या. ज्वारीचं बियाणं निवडूनच ठेवता ना? माणसाचंही तसंच."

यादी कशाला हवी असेल? औषधाचं तर त्यानं नावही काढलं नाही. तो चिमटा डोळ्यांपुढून हलत नाही.

आईला सांगितलं. म्हणाली, "बियाण्याची कणसं बाजूला काढतो, व्हय. पर उरलेली ज्वारी आपुन खातो. ह्यो डाक्टर उरलेल्या माणसांचं काय करणार हाय?"

मी चार नावं दुपारीच लिहून दिली होती. पाचवी माझी बहीण जनी. तिचं लिहिलं नाही. म्हणजे यादी कशाला ते मला दुपारीच कळलं होतं.