जोडाच्या खाली

प्रिय हिलरी,

‘प्रिय’ हा शब्द रिवाजापुरता वाच.

एक कोडं तुलाही कधीतरी पडलं असेल. सलूनमध्ये आपण दाढी ‘ट्रिम’ करतो, म्हणजे काहीतरी काढून टाकतो. इंग्रज माणूस मात्र नाताळचं झाड ‘ट्रिम’ करतो, म्हणजे त्यावर चांदण्या नि घंटा चढवतो. तुझ्या लेकीच्या, विनीच्या लग्नाच्या झग्यालाही लेसचं ट्रिमिंगच होतं. एकच शब्द काढतोही आणि चढवतोही, हे कसं? वर्गात मी हे समजावत असे तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत असायचास. आता नीट वाच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ रूप ‘ट्रिमन’ असं काहीसं होतं आणि त्याचा अर्थ होता बळकट करणं. मधली काही शतकं त्याचा लिखित माग पुसट आहे. पुढे तो सापडतो तो सज्ज करणं, नीटनेटकं करणं या अर्थांनी. सजावट त्यातूनच आली आणि कातरणंही. फांदी छाटायची ती झाडाला बळ यावं म्हणून. किती सुंदर प्रवास आहे हा! आणि तू मोबाइलवर मला काय कळवलंस? “दादा, आंब्याचं जरा जोरात ट्रिमिंग केलं. फुटेल पुन्हा.”

तुझ्या नव्या बंगल्याच्या स्विमिंग पूलमध्ये पानं पडत होती, एवढाच त्या झाडाचा गुन्हा. बाबांनी ते भेटकलम कसं बांधलं, हे तुला ठाऊक आहे. कोयीतून उगवलेलं रायवळ रोप हापूसच्या जिवंत फांदीला टेकवून, दोन्हींची साल तासून, एकजीव होईपर्यंत बांधून ठेवलेलं. जोडाची गाठ गुडघ्याइतक्या उंचीवर होती. तुझ्या माणसांनी करवत चालवली ती गाठीच्या खाली. बाबांचा आंबा तुझ्या फाटकाशी ओंडका होऊन पडला आहे. बुंध्यात उरलं आहे ते रायवळ; त्याला फुटेल तेही रायवळच.

हे पत्र त्या ओंडक्यासाठी नाही. आई रोज सकाळी प्रार्थना आटोपून त्या बुंध्याला पाणी घालते. लाल पालवी आली आहे. “बाबांचा आंबा परत आला, हिलरी बोललाच होता,” असं ती नंदाखाल गावभर सांगत फिरते. काल तिने मला विचारलं, “तू मास्तर ना, मग सांग, फळ कधी धरेल?” तुझं खोटं मी माझ्या तोंडून वदणार नाही.

तेव्हा रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ये. आईच्या देखत त्या बुंध्यावरून मातीपासून वरपर्यंत बोट फिरव. गाठ लागली आणि पालवी तिच्या वर असली, तर आंबा बाबांचा. बोट गाठीशिवायच करवतीच्या कापापर्यंत पोचलं, तर हात तसाच ठेव आणि आईला काय ते तूच सांग.

केवळ जन्माने तुझाच,
आलोशियस